बार्कले स्ट्रीटचं सेंट पीटर्स: पैसा कोणाचा, चर्च कोणाचं?

न्यूयॉर्क राज्यातला पहिला कॅथलिक धर्मग्राम (म्हणजे एका चर्चची मंडळी, पॅरिश) १० जून १७८५ रोजी कागदावर आला, तेव्हा त्याच्याकडे ना चर्च होतं, ना जागा. होते ते चार विश्वस्त. फ्रान्सचे कॉन्सल हेक्टर सेंट जॉन द क्रेव्हकूर, पोर्तुगीज व्यापारी जोझे रुईझ सिल्व्हा, आणि जेम्स स्ट्युअर्ट व हेन्री डफिन हे दोघे. यात धर्मगुरू एकही नाही. नोंदणी झाली ती विश्वस्तांच्या नावाने, आणि पुढे उभी राहणारी इमारत, तिची जमीन, तिचं कर्ज हे सगळं कायद्याने त्यांच्याच हातात राहणार होतं.

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बार्कले आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हे सेंट पीटर्स आजही उभं आहे. त्याचा इतिहास सांगणारे बहुधा संतांपासून किंवा ११ सप्टेंबरपासून सुरुवात करतात. दोन्ही गोष्टी पुढे येतीलच. पण या चर्चची पहिली ऐंशी वर्षं नीट समजून घ्यायची तर त्याच्या वहीखात्याकडे बघावं लागतं. जवळजवळ प्रत्येक भांडणाच्या मुळाशी एकच प्रश्न होता: पैसे आम्ही देतो, तर निर्णय कोणाचा?

आधी विश्वस्तांची ही पद्धत आली कुठून ते बघू. ब्रिटिश अमदानीत न्यूयॉर्कमध्ये १७०० सालचा एक कायदा होता. वसाहतीत कॅथलिक धर्मगुरू सापडला तर त्याला जन्मठेप. फिलाडेल्फियाहून फादर फर्डिनंड स्टाइनमायर हे जेझुइट 'फादर फार्मर' या नावाने गुपचूप यायचे आणि घराघरांत मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) करून परत जायचे. २५ नोव्हेंबर १७८३ रोजी ब्रिटिश फौजा शहर सोडून गेल्या आणि १७८४ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षी राज्याने सर्व पंथांसाठी एक नवा कायदा केला: प्रार्थनामंदिर चालवायचं तर मंडळीतल्या लोकांनी विश्वस्त निवडायचे आणि मालमत्ता त्यांच्या ताब्यात द्यायची. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना ही पद्धत अंगवळणी पडलेली होती. कॅथलिकांची घडी वेगळी. त्यांचा धर्मगुरू बिशप नेमतो, लोक नव्हे. पण कायद्याच्या चौकटीत राहायचं तर दुसरा मार्ग नव्हता, त्यामुळे पुढच्या सगळ्या गोंधळाचं खापर विश्वस्तांच्या हावरटपणावर फोडणं मला पटत नाही. त्यांच्या हाती किल्ल्या दिल्या त्या राज्याने.

वसई, साष्टी, गोवा इथली जुनी चर्चं पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखाली वाढली. धर्मगुरू कोण हेही त्याच्याच अधिकारात येई. न्यूयॉर्कमध्ये तसा राजा नव्हता. अगदीच नव्हता असंही नाही म्हणा. १७८५ ते १७९० न्यूयॉर्क हीच देशाची राजधानी होती आणि परदेशी दूत तिथेच राहात. स्पेनचे दूत दॉन दिएगो दे गार्दोकी यांनी ५ ऑक्टोबर १७८५ रोजी कोनशिला बसवली. स्पेनच्या तिसऱ्या कार्लोस राजाने एक हजार पेसो दिले, आणि ४ नोव्हेंबर १७८६ रोजी नव्या चर्चमध्ये पहिली मिस्सा झाली. तारीख मुद्दाम निवडलेली, त्या दिवशी संत कार्लोसचा सण असतो. जमीन मात्र होती अँग्लिकन ट्रिनिटी चर्चची, तीही भाडेपट्ट्याने घेतलेली. थोडक्यात, आयरिश कामकऱ्यांचं चर्च, स्पॅनिश राजाचा पैसा, इंग्रजी पंथाची जमीन आणि फ्रेंच कॉन्सलची सही.

भांडण मात्र इमारत उभी राहायच्या आधीच पेटलं होतं. पहिले धर्मगुरू फादर चार्ल्स व्हेलन हे आयरिश, कापुचिन या संन्यासी संघातले, फ्रेंच आरमारावर चॅप्लेन (सैनिकांचे धर्मगुरू) म्हणून राहिलेले. माणूस चांगला, पण प्रवचन यथातथाच. तेवढ्यात फादर अँड्र्यू न्यूजंट हे दुसरे कापुचिन आले. बोलायला फर्डे. मंडळीत लगेच दोन तट पडले आणि विश्वस्तांनी न्यूजंटच हवेत म्हणून धोशा लावला. अमेरिकेत तेव्हा एकही कॅथलिक बिशप नव्हता. मेरीलँडमधून जॉन कॅरल तिथल्या मिशनांचं काम पाहायचे. २५ जानेवारी १७८६ रोजी त्यांनी विश्वस्तांना पत्र लिहिलं. धर्मगुरूला ठेवायचं की काढायचं हे मंडळी ठरवायला लागली तर कॅथलिक चर्चची एकता संपेल आणि प्रत्येक चर्च स्वतःपुरता वेगळा पंथ होऊन बसेल, असा त्याचा आशय. अमेरिकेतल्या विश्वस्त-वादाची बहुतेक मांडणी या एका पत्रात आलेली आहे. पुढची पन्नास-साठ वर्षं दोन्ही बाजू तेच मुद्दे फिरवून फिरवून मांडत राहिल्या.

व्हेलन कंटाळून निघून गेले. विश्वस्तांना हवे ते न्यूजंट मिळाले आणि वर्षभरात त्यांच्याशीच बिनसलं, कारण न्यूजंटना पगार वाढवून हवा होता. आता विश्वस्तच कॅरलना साकडं घालायला लागले, यांना काढा म्हणून. १७८७ मध्ये कॅरल स्वतः आले आणि त्यांनी न्यूजंटचे अधिकार काढून घेतले, तर न्यूजंट आणि त्यांचे पाठीराखे चर्च सोडायलाच तयार होईनात. शेवटी देशातल्या कॅथलिकांचा प्रमुख स्पॅनिश दूताच्या घरी जाऊन मिस्सा करतो आहे, असं दृश्य न्यूयॉर्ककरांनी पाहिलं. चर्चचा ताबा परत मिळवायला विश्वस्तांना दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागली. हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरीला हटवताना जे होतं त्यापेक्षा हे फार निराळं नव्हतं, फक्त इथे दोन्ही बाजूंना नरकाचीही भीती होती.

मुंबईकरांना यात नवल वाटू नये. आपल्याकडे पोर्तुगीज पाद्रोआदो (चर्चवरचा पोर्तुगालच्या राजाचा अधिकार) आणि रोमची प्रोपगंडा (पोपचं मिशन-खातं) यांच्यातल्या वादात ईस्ट इंडिया कंपनीने १७९४ मध्ये मुंबईतली चर्चं चक्क दोन पक्षांत वाटून दिली, आणि १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन यांना वेढा पडला. तिथेही प्रश्न किल्ल्यांचाच होता.

न्यूजंटनंतर आलेले डॉमिनिकन फादर विल्यम ओब्रायन हे या गोष्टीतले मला सर्वांत आवडलेले गृहस्थ. कर्ज डोक्यावर, लोक गरीब, आणि बाकांच्या भाड्यातून फार काही जमत नाही. (तेव्हा कुटुंबागणिक बाक भाड्याने घ्यायची पद्धत होती आणि चर्चचं ठरलेलं उत्पन्न म्हणजे मुख्यतः तेच.) ओब्रायन वर्गणी गोळा करायला गेले ते थेट मेक्सिकोला. तिथले आर्चबिशप इटलीत बोलोन्याला त्यांचे सहाध्यायी होते. ओब्रायन परतले ते जवळपास सहा हजार डॉलर आणि काही चित्रं घेऊन. त्यातलं होसे व्हायेहो या मेक्सिकन चित्रकाराचं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं भलं मोठं चित्र आजही मुख्य वेदीच्या वर आहे. पुढे पिवळ्या तापाच्या साथी आल्या तेव्हा हेच ओब्रायन आजाऱ्यांच्या घरी जात राहिले. विश्वस्तांशी त्यांचं कधी वाजल्याचं ऐकिवात नाही. पैसे आणणाऱ्या माणसाशी कोण भांडेल?

आता त्या चित्रासमोर बसलेल्या दोन माणसांकडे वळू.

एलिझाबेथ सीटन ही ट्रिनिटीच्या एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन) मंडळीतली, बंदराच्या आरोग्याधिकाऱ्याची मुलगी, मोठ्या व्यापारी घरची सून. नवऱ्याची पेढी बुडाली आणि १८०३ च्या डिसेंबरात तो इटलीत पिसा इथे क्षयाने गेला. पदरात पाच मुलं. इटलीतल्या स्नेह्यांच्या घरी तिला कॅथलिक धर्माची ओढ लागली. न्यूयॉर्कला परतल्यावर ती आपल्या सेंट पॉल्स चॅपेलमध्ये जात राहिली, पण एकदा कडेच्या बाकावर बसली तर तोंड नेमकं पलीकडच्या गल्लीतल्या कॅथलिक चर्चकडे झालं, आणि तिथल्या पवित्र संस्काराशीच (कॅथलिक ज्या पवित्र भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष आहे असं मानतात तिच्याशी) आपण पुन्हा पुन्हा बोलत होतो, असं तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे. सेंट पॉल्स आणि सेंट पीटर्स यांच्यात अंतर काय, तर जेमतेम एक गल्ली. पण न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित समाजात ती ओलांडणं म्हणजे नातेवाइकांना मुकणं. १४ मार्च १८०५ रोजी फादर मॅथ्यू ओब्रायन (हे वेगळे ओब्रायन) यांच्यासमोर तिने सेंट पीटर्समध्ये श्रद्धा जाहीर केली. नातलगांनी पाठ फिरवली आणि तीन वर्षांत तिला शहर सोडावं लागलं. मेरीलँडमध्ये तिने धर्मभगिनींचा संघ आणि शाळा उभी केली. १९७५ मध्ये ती संत म्हणून घोषित झाली, अमेरिकेत जन्मलेली पहिली संत.

दुसरा माणूस पिएर तूसाँ. जन्माने गुलाम, आजच्या हैतीतला, १७८७ मध्ये बेरार कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आणलेला. मालकाने त्याला केशरचनेचं काम शिकायला घातलं आणि शहरातल्या श्रीमंत बायकांच्या घरी त्याला इतकी मागणी आली की मालक वारल्यावर निष्कांचन झालेल्या मालकिणीचं घर तूसाँच्या कमाईवर चाललं. तिला ते जाणवूही नये अशा बेताने तो खर्च करायचा. १८०७ मध्ये ती मरणाला टेकली तेव्हा त्याला मुक्ती मिळाली. काळ्या माणसाला घोड्याच्या बसमध्ये चढू देत नसत, म्हणून गिऱ्हाइकांकडे तो दिवसभर पायीच फिरायचा. त्याआधी रोज सकाळी सहाची मिस्सा, सेंट पीटर्समध्ये, सहासष्ट वर्षं. बहिणीला, बायकोला आणि इतरही काहींना त्याने पैसे भरून गुलामीतून सोडवलं. अनाथालयासाठी, शाळांसाठी वर्गण्या जमवल्या. त्याच्या वर्गणीचा उपयोग झालेल्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये १८४२ मध्ये दारावरच्या माणसाने त्याला रंगावरून बसू दिलं नाही. नंतर तिथल्या एका विश्वस्ताने लेखी माफी मागितली.

विश्वस्तांच्या यादीत तूसाँचं नाव अर्थातच कधी आलं नाही. चर्च चालत होतं ते मात्र अशांच्या पैशांवर.

विश्वस्तांची चांगली बाजूही सांगायला हवी, कारण बिशपांच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासांत ती हटकून वगळली जाते. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक पदावर बसायचं तर धार्मिक बाबतीतही परकीय सत्तेची निष्ठा नाकारायची शपथ होती. म्हणजे कॅथलिकाने पोपला नाकारायचं. सेंट पीटर्सचे विश्वस्त फ्रान्सिस कूपर विधानसभेवर निवडून आले तेव्हा धर्मग्रामाने सह्यांचा अर्ज पाठवला आणि १८०६ मध्ये ती अट गेली. त्याच वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येला मध्यरात्रीच्या मिस्सेबाहेर कॅथलिकद्वेष्ट्यांचा जमाव जमला. दुसऱ्या दिवशी दंगल झाली आणि एक पहारेकरी मारला गेला. कायदा बदलला तरी शेजारी बदलले नव्हते.

मग १८१३. जेम्स कीटिंग नावाच्या माणसाकडे चोरी झाली आणि काही दिवसांनी माल परत आला, तो सेंट पीटर्सचे फादर अँथनी कोलमन यांच्या हातून. माल कोणी दिला, अशी पोलिसांनी विचारणा केली. कोलमन म्हणाले, कन्फेशनमध्ये (धर्मगुरूपुढच्या गुप्त पापकबुलीत) कळलेली गोष्ट मी सांगू शकत नाही. फिलिप्स दांपत्यावर खटला उभा राहिला आणि कोलमनना साक्षीला बोलावलं. नागरिक म्हणून साक्ष द्यायला माझी ना नाही, पण हे गुपित फोडण्यापेक्षा मरण पत्करीन, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. सरकारी वकील प्रकरण सोडून द्यायला तयार होता. ते सोडू नका, निकाल लागू दे, असा आग्रह धरला तो सेंट पीटर्सच्या विश्वस्तांनी. एका फादरची सुटका त्यांना पुरेशी नव्हती, तत्त्व ठरवून हवं होतं. फादरच्या बाजूने युक्तिवाद केला विल्यम सॅम्पसन यांनी. ते आयर्लंडमधून हद्दपार झालेले, आणि स्वतः प्रॉटेस्टंट. शहराचे मेयर डेविट क्लिंटन त्या न्यायालयाचे प्रमुख होते. राज्यघटनेने दिलेल्या धर्मस्वातंत्र्याच्या आधारे धर्मगुरूला साक्षीची सक्ती करता येणार नाही, असा निकाल त्यांनी दिला. १८२८ मध्ये न्यूयॉर्कने हे संरक्षण कायद्यातच घातलं. आज अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे धर्मगुरूला हे संरक्षण आहे, त्याची सुरुवात या खटल्यापासून धरतात. आणि त्याला कारण झाला तो विश्वस्तांचा हट्ट.

तरीही शेवटी विश्वस्त हरले. अधिकाराच्या वादात नव्हे, हिशेबात.

जुनी इमारत अपुरी पडायला लागली होती. १८३६ मध्ये ती पाडून जॉन हॅगर्टी आणि थॉमस थॉमस यांच्या आराखड्याने नवी बांधायला घेतली: दगडी, ग्रीक देवळासारखी, दर्शनी बाजूला सहा आयोनिक खांब, वर त्रिकोणी माथ्यातल्या कोनाड्यात किल्ल्या धरलेला संत पीटर. देखणी आहे यात वाद नाही. पण वेळ कुठली? डिसेंबर १८३५ च्या आगीत वॉल स्ट्रीटच्या आसपासचा व्यापारी भाग जळून गेलेला, तूसाँसारख्यांची बचत त्यात बुडालेली. काम चालू असतानाच १८३७ ची मंदी आली. बँका बंद, बंदरावर काम नाही, बाकांचं भाडं थकलेलं.

विश्वस्तांनी काय केलं, तर पैसे धर्मग्रामातल्या लोकांकडूनच उचलले. आयरिश कामकऱ्यांचा बँकेपेक्षा चर्चवर जास्त विश्वास. त्यांनी आपली शिल्लक विश्वस्तांकडे ठेवायची, विश्वस्तांनी चिठ्ठी लिहून द्यायची आणि व्याज द्यायचं. म्हणजे चर्च बघता बघता पतपेढी झालं, फक्त पतपेढीला लागते तशी गंगाजळी नव्हती. ठेवी सगळ्या दगडांत आणि खांबांत गेलेल्या. व्याज भागवायला नव्या ठेवी घ्यायच्या, असं चक्र सुरू झालं की ते कुठे जाऊन थांबतं ते महाराष्ट्रातल्या ठेवीदारांना वेगळं सांगायला नको. १८४४ मध्ये सेंट पीटर्सचा विश्वस्त निधी दिवाळखोरीत निघाला. देणं एक लाख डॉलरच्या वर. धनको बहुतेक त्याच बाकांवर बसणारे.

तेव्हा बिशप होते जॉन ह्यूझ, आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा, तापट आणि राजकारणात मुरलेला. आपल्या संमतीशिवाय कोणत्याही चर्चने कर्ज काढायचं नाही, असा नियम त्यांनी १८४२ मध्येच केला होता. सेंट पीटर्सच्या पतनाने त्यांना हवा होता तो पुरावा हाती आला. एकेका दिवाळखोर चर्चची मालमत्ता बिशपच्या नावावर येत गेली. गरीब ठेवीदारांचं देणं चुकवायला सेंट पीटर्सला पुढची कितीतरी वर्षं लागली, आणि ते काम नव्या धर्मगुरूंनी नेटाने केलं, हेही त्यांच्या खात्यावर मांडलं पाहिजे.

पण एका माणसाच्या नावावर शहरभरची चर्चं, हे राज्याला खुपलं. १८५५ मध्ये कॅथलिकविरोधी लाटेवर एक कायदा आला: धर्मगुरूच्या नावाने आणि त्याच्या वारसदार पदाधिकाऱ्याच्या नावाने चर्चची मालमत्ता ठेवता येणार नाही. तो फारसा अमलात आला नाही आणि १८६३ मध्ये तडजोड झाली. प्रत्येक धर्मग्रामाचं पाच जणांचं मंडळ: आर्चबिशप, व्हिकार जनरल (आर्चबिशपचे मुख्य मदतनीस), धर्मग्रामाचे प्रमुख फादर आणि दोन सामान्य श्रद्धावंत. हे दोघे निवडून येत नाहीत, वरचे तिघे त्यांना नेमतात. हिशेब सोडवायला सोपा आहे: पाचांत तीन मतं कायम एका बाजूला.

त्यानंतरचं शतक भरभर सांगता येईल. वस्ती उत्तरेकडे सरकली, घरांच्या जागी कचेऱ्या आल्या. रविवारी बाक रिकामे आणि कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतल्या मिस्सेला गर्दी, असं उलटं वेळापत्रक झालं. १९६५ मध्ये इमारतीला शहराचं वारसा संरक्षण मिळालं आणि काही वर्षांत समोरच वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे चढायला लागले.

११ सप्टेंबर २००१ रोजी विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचा तुकडा सेंट पीटर्सच्या छपरावर येऊन पडला. अग्निशमन दलाचे चॅप्लेन, फ्रान्सिस्कन फादर मायकल जज, उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर होते. दक्षिण मनोरा कोसळला त्यात ते गेले. मृतांच्या अधिकृत यादीत त्यांचा क्रमांक पहिला आहे. जवानांनी त्यांना उचलून इथे आणलं आणि वेदीपुढे ठेवलं. पुढे मदतकार्याचं सामान याच बाकांवर रचलेलं होतं. ढिगाऱ्यात सापडलेला पोलादी तुळयांचा क्रूस २००६ ते २०११ चर्चच्या बाहेर उभा होता, नंतर तो संग्रहालयात गेला.

१८६३ चं ते पाच जणांचं मंडळ अजून कायद्यात आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्चडायोसीसने (आर्चबिशपच्या धर्मप्रांताने) डझनावारी धर्मग्राम एकमेकांत विलीन केले, त्यात सेंट पीटर्सच्या शेजारचे अवर लेडी ऑफ व्हिक्टरी आणि सेंट अँड्र्यू हे दोनही होते. काही धर्मग्रामांतल्या लोकांना निर्णय मान्य नव्हता. १७८७ मध्ये असं झालं असतं तर विश्वस्त सरळ न्यूयॉर्कच्या दिवाणी न्यायालयात गेले असते. या लोकांनी आपले अर्ज रोमला पाठवले.